चेनकव्हरावरचे नाव

मित्रांनो, पुढील काही पानांत एका सायकलीचे जीवनवृत्त यथाशक्ति सादर करण्यात येत आहे. त्यात जन्माची हकीकत येईल, दुकानाची येईल, कौतुकाची येईल आणि लज्जेची येईल. लज्जेचा भाग सर्वांत मोठा आहे. तो गाळावा असे एकदा मनात आले होते. परंतु तो गाळला असता सांगण्यासारखे फारसे उरत नाही. मला जे हात आहेत ते हँडलचे आहेत, त्यांनी लेखणी धरवत नाही. ज्या गृहस्थाने ती माझ्याकरिता धरली, त्याचे नाव अखेरीस येईल.

मी एक जुनी सायकल आहे. माझा जन्म फार दूरच्या एका शहरी, मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या जोडून माझा सांगाडा तयार करण्यात आला, तो गडद लाल रंगात बुडवण्यात आला व नंतर भट्टीत भाजण्यात आला. पुढे ज्या गावी माझे आयुष्य जायचे होते ते गावच भट्ट्यांचे होते. परंतु त्याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

ते गाव म्हणजे भिलाई. सन एकोणीसशे साठ. पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून वर्ष उलटले होते आणि चोहीकडे अजून बांधकाम चालू होते. कॅम्प-1 या मजूरवस्तीतील एका दोन खोल्यांच्या घरात हिरालाल नावाचा तरुण आपल्या थोरल्या बहिणीसह राहत असे. साकोलीकडच्या एका खेड्यातून दोघे कामाच्या शोधात आले होते. आईबाप लवकर गेल्यामुळे बहिणीनेच त्याला वाढवले होते. तिचे नाव मनकर्णा; तो तिला बाई म्हणे. हिरालाल कारखान्यात खलाशी होता, म्हणजे दोर आणि साखळ्या ओढून अवजड सामान उंच चढवणाऱ्या टोळीत होता. मनकर्णाबाई रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूर, होती. भट्टीच्या पायव्यात जो गिट्टी-सिमेंटचा माल पडला, त्यातील कित्येक घमेली तिच्या डोक्यावरून गेली होती. पुढे पायव्याचे काम संपले आणि सगळ्या रेजांचे गेटपास जमा करून घेण्यात आले. ज्या फाटकातून ती दोन वर्षे रोज आत गेली, त्या फाटकाच्या बाहेर तिला उभे राहावे लागले. ती याबद्दल फारसे बोलत नसे. एवढेच म्हणे, "आतून कशी दिसते रे आता थे भट्टी?"

अशा वेळी हिरालालने जवळच्या दुर्ग गावी सायकलीच्या एका दुकानात माझे चित्र पाहिले. दुकानदारास सर्वजण भय्याजी म्हणत. भय्याजींकडे रंगीत चित्रांचे एक पुस्तक होते. त्यात साध्या काळ्या सायकली पुष्कळ होत्या आणि एका पानावर मी होते. स्पोर्ट मॉडेल. हँडल खाली झुकलेले, ब्रेक तारेचे, बांधा हलका, मागे कॅरिअर नाही. हिरालालने ते पुस्तक एक दिवसासाठी मागून घरी नेले आणि बहिणीसमोर उघडले.

बाईने चित्र न्याहाळले. "अन मी कुठी बसू?"

"हे स्पोर्ट हाये बाई. स्पोर्टले कॅरिअर नसते."

तिने पुस्तक मिटले. मग म्हणाली, "बरं. मी नाही तं माह्यं नाव तरी बसव तिच्यावर. माह्यं नाव तरी जाऊ दे गेटातून."

हिरालालने तिच्या पायाला हात लावून वचन दिले. ज्या पुंजीतून माझी ऑर्डर गेली, तीत अर्धा वाटा बाईच्या घमेल्याचा होता.

ऑर्डर गेल्यावर हिरालालची स्थिती शब्दांत सांगणे कठीण आहे. दर सुट्टीला तो पायी दुर्गला जाई आणि विचारी. भय्याजींनी एकदा त्याला बाकावर बसवून पाणी पाजले व म्हटले की, लगीन ठरलेल्या पोरीच्या घरीबी कोणी इतक्या खेपा घालत नाही, बापू. तो हसला नाही. त्याने पुन्हा विचारले, मालगाडी कोणत्या वारी येते.

मी आले तेव्हा माझ्या अंगाला खाकी कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. आठ दिवस त्याने त्या काढू दिल्या नाहीत. त्या कागदासकटच मला कारखान्यात नेले. नवव्या दिवशी बाईने स्वतः बसून तो कागद अलगद सोडवला व घडी घालून ट्रंकेत ठेवला. तदनंतर माझा शृंगार सुरू झाला. सीटला झालर असलेले मखमली कव्हर, मुठींना रंगीत फिती, दोन्ही चाकांच्या मधोमध केसाळ ब्रशांची फुले, उजव्या बाजूस आरसा, पुढे डायनॅमोचा दिवा. रस्त्याने जाताना मी सायकल आहे की मिरवणूक आहे, असा प्रश्न पडावा. खरे सांगायचे तर त्या दिवसांत मला फार गर्व झाला होता.

राहिले होते ते केवळ नाव. साखळीवर जे पत्र्याचे झाकण असते, ज्यास चेनकव्हर म्हणतात, त्यावर नाव लिहून घेण्याची तेथे सर्वांची रीत होती. सायकलस्टँडवर शेकडो सायकली सारख्याच असत; माणूस आपली नावावरून ओळखी, आणि इतर लोक माणसाला सायकलीवरून ओळखत. कॅम्पच्या बाजारात शालिकराम नावाचा पेंटर होता. हिरालाल मला घेऊन त्याच्याकडे गेला. तेथे बाकावर त्याच्याच टोळीतील चार खलाशी बसले होते. त्यांत फकिरा होता, जो त्याच्या शेजारच्या गावचा होता आणि जिभेचा तिखट होता.

बोलता बोलता हिरालालने सांगितले की बहिणीचे नाव लिहायचे आहे.

"बहिणीचं?" फकिरा म्हणाला. "मंग हँडलले बांगड्याबी भर. घंटीचं काम नाही पडाचं."

बाक हसला. शालिकराम पेंटरही हसला आणि ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून त्याने विचारले, "तं काय लिवू, भाऊ?"

मित्रांनो, वचन मोडायला किती वेळ लागतो हे मी जवळून पाहिले आहे. ब्रशाच्या टोकावरचा थेंब खाली पडायला लागतो, तेवढाच लागतो.

"एच. एल. कापगते," हिरालाल म्हणाला.

"हुद्दा?"

खलाशी, हा खरा शब्द होता. परंतु खलाशी खाली उभे राहून दोर ओढत आणि ऑपरेटर वर क्रेनच्या केबिनीत बसून कळा दाबत. त्याच्या तोंडून निघाले, "ऑपरेटर. बी. एस. पी.", म्हणजे भिलाई स्टील प्लांट. हे ऐकताच फकिराने हसणे थांबवले. तो हसला असता तर बरे झाले असते.

घरी बाई दारातच उभी होती. "लिवलं?"

"हाव, बाई."

तिने पदराने हात पुसले आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवले. तिला अक्षरओळख नव्हती. ती नवलाने म्हणाली, "इतलं लांब हाये माह्यं नाव?"

"मनकर्णाबाई, असं पुरं लिवलं," हिरालाल म्हणाला. पहिल्या खोट्याला हे दुसरे खोटे लागले.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी ती अक्षरे पदराने पुसू लागली. शेजारच्या गयाबाईला बोलावून दाखवी आणि म्हणे की, पाह्य, मले गेटावर अडवलं, पण माह्यं नाव कोणी अडवत नाही, रोज भट्टीपाशी जाऊन येते. दसऱ्याला घरातील वाहनाची व हत्यारांची पूजा करतात; त्या दसऱ्याला तिने प्रत्येक अक्षरावर कुंकवाचा एकेक ठिपका लावला. ऑपरेटर या शब्दावरही लावला. मी लोखंडाची आहे, तरी त्या बोटाखाली मला आकसून घ्यावेसे वाटले. हिरालाल तेव्हा घरात डोक्याला तेल लावत होता, आणि बराच वेळ लावत राहिला.

पुढील वर्षी पावसाळ्यात एक चांगली गोष्ट घडली, जी त्या घराला संकटासारखी आली. सेक्टरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या पक्क्या वसाहतीत, राहणाऱ्या एका हेडक्लार्कच्या पत्नी कमलिनीताई यांनी कॅम्पमधील बायकांसाठी दुपारचा साक्षरता वर्ग काढला. गयाबाई गेली, गिरजाबाई गेली, आणि मनकर्णाबाईही गेली. कमलिनीताईंची पद्धत अशी की, प्रत्येकीला प्रथम तिच्या स्वतःच्या नावातील अक्षरे शिकवायची. बाई घरी येऊन कोळशाने फरशीवर गिरवू लागली. म. न. क.

हिरालाल ते पाही आणि जेवण अर्धे सोडून उठे. त्याने मला घरात ठेवताना चेनकव्हरची बाजू भिंतीकडे करायला सुरुवात केली. सकाळी बाई पुसायला आली की तो फडके हातातून घेई व म्हणे, मी पुसतो, तू राहू दे. बाईला वाटले, भाऊ आपल्याला जपतो. तिने तसे चार घरी सांगितलेदेखील. दसऱ्याला दोन दिवस उरले तेव्हा तो शेवटी पेंटरकडे गेला आणि सर्व नाव बदलून दे म्हणाला. शालिकरामसमोर सायकलींची रांग होती. त्याने सांगितले की दसऱ्यापतोर हात रिकामा नाही. हिरालाल परत फिरला, आणि मला सांगायला दुःख होते की, त्याला वाईट वाटण्याऐवजी हायसे वाटले. स्टँडवर आणखी दोन दिवस ऑपरेटर म्हणवून घेता येणार होते.

दसऱ्याच्या सकाळी मला धुऊन दारासमोर, उगवतीकडे तोंड करून उभे करण्यात आले. तेथे भिंत नव्हती. बाईने गयाबाई, गिरजाबाई आणि खुद्द कमलिनीताई यांना आमंत्रण दिले होते. सर्वांदेखत आपले नाव आपण वाचून दाखवायचे, असे तिने ठरवले होते. हिरालाल बादली हातात धरून कडेला उभा राहिला.

बायका गल्लीच्या तोंडाशी दिसल्या तेव्हा बाई ताट घेऊन माझ्याजवळ बसली. तिचे बोट अक्षरांवरून चालू लागले. मध्येच थांबले. तिला क सापडला होता. तिचा चेहरा उजळला व तिने त्यावर कुंकू लावले. पुढे र सापडला, त्यालाही लावले. मग बोट मागे गेले. पुन्हा पहिल्यापासून आले. पुन्हा मागे गेले. म कोठेच नव्हता. न नव्हता. ते बोट माझ्या पत्र्यावर एके ठिकाणी टेकून राहिले.

एवढ्यात बायका येऊन पोचल्या. हँडलसाठी आणलेली झेंडूची माळ बाईने उचलली, दुहेरी केली आणि चेनकव्हरवर अशी बांधली की एकही अक्षर उघडे राहू नये.

"अवं, नाव तं दिसू दे," गयाबाई म्हणाली. "त्याच्याच साठी आलो ना आमी."

"माह्यं नाव हाये. झाकीन नाही तं दाखवीन," बाई म्हणाली, आणि हसली. "पहिले पूजा होऊ द्या. मंग चहा घ्या."

सगळ्याजणी हसल्या. कमलिनीताईंनी माळेकडे एकदा पाहिले, हिरालालकडे एकदा पाहिले, आणि चांगली सजवली आहे हो, असे म्हणून विषय बदलला. आपट्याची पाने दिली घेतली गेली, चहा झाला, बायका गेल्या. मगच बाई भावाकडे वळली. ती त्याला सदैव हिरा म्हणे. त्या दिवशी म्हणाली, "हिरालाल, त्याच्यात माह्यं क हाये. र बी हाये. बाकीचे अक्षर कुठी ठेवले तू?"

हिरालालने हातातील बादली खाली ठेवली.

"काय लिवून हाये थे तं सांग."

त्याने सांगितले. बी. एस. पी. पर्यंत सांगितले.

"तू ऑपरेटर होय?"

"नाही, बाई."

"म्हणजे त्याच्यात मीबी नाही अन तूबी नाही," ती म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

त्याच दुपारी हिरालालने पॉलिश कागद आणून चेनकव्हर खरडले. हात सोलेपर्यंत खरडले. खालचा लाल रंगही गेला आणि उघडे लोखंड दिसू लागले. दसऱ्यानंतर त्याने बहिणीस विनवले की चाल, पेंटरकडे जाऊ, तुझ्यासमोर तुझे नाव लिहवून घेऊ. तिने एवढेच सांगितले, "राहू दे कोरं. आता मले वाचता येते." त्याने मला कॅरिअर बसवले, मखमली कव्हर काढले, फिती काढल्या. कॅरिअर वर्षभर रिकामेच राहिले. स्टँडवर फकिराने विचारले, रंग उडाला का रे? हिरालाल म्हणाला, उडाला नाही, मी खरडला, खोटा होता. फकिराने माझी घंटी न्याहाळली आणि तो निघून गेला.

तिसऱ्या दसऱ्याला बाई ताट घेऊन आली. तिने कुंकू पाण्यात कालवले, बोट बुडवले आणि कोऱ्या पत्र्यावर, जीभ दाताखाली धरून, सावकाश दोन अक्षरे काढली. हिरालालला वाटले ती आपले नाव लिहीत आहे. त्याने वाकून पाहिले. तेथे लिहिले होते, हिरा.

"बाई, तुह्यं लिव ना," तो म्हणाला.

"माह्यं तं येते मले. तुह्यं शिकून राहिली होती वर्षभर."

मित्रांनो, शिक्षा झाली असती तर ती त्याने सहन केली असती. हे त्याला सहन झाले नाही. तो माझ्या मागच्या चाकाशी बसला आणि उगाच साखळी चाचपत राहिला. संध्याकाळी रावण पाहायला जाताना ती प्रथमच कॅरिअरवर बसली. कुंकवाची अक्षरे चार दिवसांत गेली. पुढे हिरालाल परीक्षा देऊन खरोखर ऑपरेटर झाला. शालिकरामने फुकट लिहून देतो म्हणून सांगितले, परंतु चेनकव्हर आजवर कोरेच आहे. त्यावर गंज चढतो, आणि दर दसऱ्याला दोघे मिळून तो घासतात.

आता माझे दात झिजले आहेत, डायनॅमो बंद पडला आहे. तुमच्याकडे जी सायकल असेल तिच्या साखळीला तेल द्या, पावसातून आणल्यावर ती पुसा, हवा कमी असता ओझे घालू नका. आणि तिच्यावर काही लिहायचे असेल तर ते अशा माणसासमोर लिहा, ज्याला ते वाचता येत नाही. आणि मग तेच त्याला मोठ्याने वाचून दाखवा. हा माझा तुम्हास कळकळीचा आग्रह आहे.

येथवर धीराने वाचल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार. चूकभूल पदरात घ्यावी. हे सर्व छापण्यापूर्वी एका व्यक्तीने स्वतः वाचले आहे व त्यातील एकही अक्षर बदलू दिलेले नाही.

आपला नम्र,
हिरालाल कापगते,
मनकर्णाबाईंचा धाकटा भाऊ,
कॅम्प-1, भिलाई.