दोन बोटं वाढलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नाही आणि कुत्र्याच्या गळ्यातलाही नाही. ज्या गाडीवर बसून मैदानातलं गवत कापतात, त्या गाडीच्या पोटाखाली मी राहत असे. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचवायचं काम माझं. मी नसतो तर इंजिन जागच्या जागी आरडाओरडा करत बसलं असतं आणि गाडी तसूभरही हलली नसती. ही बढाई समजू नका. म्हणजे थोडी आहेच, पण सगळं आयुष्य गाडीखाली काढलेल्याला एवढी मुभा असावी.

माझा जन्म कारखान्यातला. बाहेरून रबर, आत घट्ट पिळाचे दोरे आणि अंगावर कापडाचं वेष्टण. तापलेल्या साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या पाठीवर पांढऱ्या ठसठशीत आकड्यांत माझं माप छापलेलं होतं. मला तो दागिनाच वाटायचा. पुढे घासून घासून तो आकडा पुसला गेला, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. पण ते नंतर सांगतो.

माझी गाडी एका शाळेच्या मैदानावर होती. मैदान सपाट, पण एका बाजूला मोठा चढ. खेळ बघायला आलेली माणसं त्या चढावरच्या गवतात बसत. गाडी चालवणाऱ्यांना सगळी शाळा काका म्हणत असे, म्हणून मीही काकाच म्हणतो. काकांचा हात मायेचा होता. काम झालं की ते गाडीखालचं गवत ब्रशने झाडत, मग वाकून माझ्यावरून बोट फिरवत आणि म्हणत, "अजून दम आहे हं याच्यात." हिरव्यागार मैदानाचं कौतुक सगळे करायचे. नव्या रंगाने चमकणाऱ्या गाडीचंही करायचे. पट्ट्याचं कौतुक करणारा मला काकांखेरीज कोणी भेटला नाही.

काकांचा एकच हट्ट होता. गाडीवर दुसऱ्या कोणाला बसू द्यायचं नाही. अगदी काकूंनासुद्धा नाही. काकू कपडे शिवत. मैदानाच्या कडेलाच त्यांचं घर, आणि खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन. पायाने मशीन चालवता चालवता त्या आमच्याकडे बघत बसायच्या. कधी चहा घेऊन आल्या की म्हणायच्या, "अहो, मला एकदा चक्कर मारू द्या की."

"झोपाळा आहे का तो?" काका म्हणायचे, आणि चहा पिऊन पुन्हा गाडीवर बसायचे. काकू हसून कप उचलून न्यायच्या. त्यांचं हसणं मला खालून दिसायचं नाही, पण चपलांची चाल ऐकून कळायचं की यांना खरंच बसायचं होतं.

अशी बरीच वर्षं गेली आणि मी म्हातारा झालो. माणसं म्हातारपणी आकसतात म्हणे. आम्हा पट्ट्यांचं उलटं असतं, आम्ही वाढतो. ओढून ओढून माझे दोरे सैल पडले, अंगाला भेगा पडल्या, कडा गुळगुळीत झाल्या. सपाटीवर निभायचं, पण चढ आला की मी पुलीच्या चाकावर घसरायचो, किंचाळायचो आणि जळक्या रबराचा वास सोडायचो. पाती फिरवणारा पट्टा माझा धाकटा भाऊ. त्याचेही दोरे कडेने लोंबायला लागले होते. काकांना सगळं कळत होतं. पण तेव्हा त्यांचा गुडघाच माझ्याहून जास्त कुरकुरत होता. शेवटी त्याचं ऑपरेशन झालं, आणि काका पाय स्टुलावर ठेवून घरी बसले.

गवत मात्र कोणासाठी बसून राहत नाही. ते घोट्याच्या वर गेलं. मग शाळेच्या मोठ्या बाई काकांना भेटायला आल्या. प्रेमानेच आल्या होत्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही आराम करा. शनिवारी मुलांच्या शर्यती आहेत. तोवर नाही जमलं तर मी बाहेरची गाडी बोलावते. पुढेही तेच बघतील."

काकांनी मान डोलावली. बाई निघून गेल्या. 'पुढेही' हा शब्द त्यांना लागला होता. ते मैदान हातचं गेलं तर बरा झालेला गुडघा घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न त्यांना पडला होता, असं पुढे त्यांनीच मला सांगितलं.

"मी कापते," काकू म्हणाल्या.

"पट्टे गेलेत दोन्ही. चढ चढणार नाही ती."

"मग पट्टे बदलू. तुम्ही सांगा, मी करते."

दुसरा उपाय नव्हता. गाडीच्या शेडच्या दारात खुर्ची टाकून काका बसले आणि काकू चटई पसरून गाडीखाली शिरल्या. आधी त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली. मग शिवणाचा खडू घेतला आणि पट्टा कुठून येतो, कुठे वळतो, ते बाणांनी आखून ठेवलं. "कापड बेतण्याआधी खुणा करायच्या असतात," त्या खालूनच म्हणाल्या. काकांनी पाना कुठे लावायचा ते सांगितलं, पट्टा ताणून धरणाऱ्या स्प्रिंगमध्ये बोट अडकू देऊ नकोस असंही तीनतीनदा सांगितलं. पाती असलेला भाग सुटला, भाऊ बाहेर आला, आणि पाठोपाठ मीही. कितीतरी वर्षांनी मला आकाश दिसलं. आवडलं, पण फार मोठं वाटलं.

भावाचा आकडा शाबूत होता, त्यामुळे त्याच्या जागी नवा आणणं सोपं होतं. माझा आकडा पुसलेला. काकांनी मला मांडीवर घेतलं, काकूंची टेप माझ्या अंगावरून फिरवली आणि माप सांगितलं. त्या मापाचा पट्टा काकूंनी दुकानातून आणला, खडूच्या बाणांवरून बरोबर बसवला. मी खुंटीवर टांगलेला हे सगळं बघत होतो. मला आतून धाकधूक होती, कारण मी किती वाढलोय हे फक्त मलाच ठाऊक होतं.

काकूंचे पाय आखूड. त्यांनी सीटखालचा खटका दाबून सीट पुढे सरकवली आणि गाडी सुरू केली. सपाटीवर काय सुरेख गेली. काका खुर्चीत सरसावून बसले. मग चढ आला. अर्ध्यावर गाडी थबकली, इंजिन घोंघावत राहिलं, चाकं मात्र फिरेनात. ती हळूहळू मागे यायला लागली, तशी काकूंनी ब्रेक दाबून ती सावकाश खाली आणली. पुन्हा गेल्या, पुन्हा तेच.

"पेडल अर्धवट दाबून ठेवतेस तू," काका ओरडले. "पट्टा नवा आहे, त्याला काय झालंय? म्हणून म्हणत होतो, तुला नाही जमायचं."

 काकूंनी गाडी शेडमध्ये लावली, किल्ली काढली आणि त्या घरात निघून गेल्या. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा बोंब मारून सांगितलं असतं की यात काकूंचा काडीचाही दोष नाही. त्या माझ्या सैलपणाची शिक्षा भोगत होत्या. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी शिलाई मशीनचा आवाज आला. थोडा वेळ चालला आणि एकदम थांबला. काकू तशाच गळ्यात टेप अडकवून शेडकडे आल्या. काका अजून दारातच बसले होते.

"अहो, एक सांगा. गिऱ्हाईक वापरून वापरून ढगळ झालेला पायजमा घेऊन आलं, तर मी त्या पायजम्यावरून नवा शिवते का?"

"मला काय माहीत तू काय करतेस?"

"मी त्याच्या अंगाचं माप घेते. जुना पायजमा सैल झालेला असतो, म्हणून तर गिऱ्हाईक नवा शिवून घ्यायला आलेलं असतं."

काकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग गाडीकडे बघितलं. मग काकूंकडे.

"मग गाडीचं अंग मोज," ते हळूच म्हणाले.

काकूंनी नवा पट्टा काढला, पुन्हा गाडीखाली शिरल्या आणि खडूच्या बाणांवरून टेप एकेका पुलीभोवती फिरवली. काकांनी खुर्चीतूनच सांगितलं, "स्प्रिंग अर्धी ताणून धर. सैल सोडलीस तर माप पुन्हा चुकेल." काकूंनी तशी धरली. माप माझ्याहून दोन बोटं कमी भरलं. दोघंही हसायला लागले, आणि मीही खुंटीवर जरा हललो असेन.

दुसऱ्या दिवशी काकू दुकान उघडायलाच हजर. पट्टा बदलून आणला, बसवला आणि गाडी थेट चढाकडे नेली. आडवी नेली तर चढावर गाडी कलंडते, म्हणून सरळ वर, जशी न्यायला हवी तशीच. गाडी चढली. वर पोहोचली, वळली, खाली आली आणि पुन्हा वर गेली. किंचाळणं नाही, जळका वास नाही. मोठ्या बाई फोन हातात घेऊन फाटकाशी आल्या होत्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि फोन पर्समध्ये टाकून परत गेल्या. शनिवारी सगळी शाळा त्या चढावर बसून शर्यती बघत होती.

आता तुम्ही म्हणाल, तुझं काय झालं? मलाही वाटलं होतं, आपलं आता खुंटीवरच संपलं. पण काकांना डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. तळव्याला पट्टा अडकवायचा आणि दोन्ही हातांनी पाय आपल्याकडे ओढायचा. काकूंनी मला साबणाने घासून धुतलं आणि उरलेल्या कापडाची खोळ शिवून घातली. जन्मात पहिल्यांदा माझ्या मापाचं काहीतरी शिवलं गेलं, तेही माझ्या अंगावरून माप घेऊन. पूर्वी मी गाडी चढावर ओढायचो, आता काकांचा गुडघा ओढू लागलो. या कामाला माझी वाढलेली दोन बोटं सोयीचीच पडली.

व्यायाम करताना काका माझ्याशी बोलत. एकदा म्हणाले, "तिला उगाच म्हणालो रे, तुला नाही जमायचं. गाडीवर मी जसा बसतो तसाच माणूस बसायला हवा असं वाटायचं मला." मी ताणलेला होतो, तसाच राहिलो.

परवा काका काठी न घेता शेडमध्ये आले. मला खुंटीवर अडकवलं. गाडीवरून हात फिरवला आणि बसायला गेले, तर सीट पुढे सरकलेली. त्यांचा हात सवयीने खटक्याकडे गेला. काकू दारात उभ्या होत्या.

"घ्या की मागे," त्या म्हणाल्या. "तुमचीच गाडी आहे."

काकांनी हात काढून घेतला. "राहू दे. चढाचं गवत तू काप. मी मागून कापलेलं दंताळ्याने ओढत येतो. डॉक्टर म्हणालेत, चालायला हवं."

काकू गाडीवर बसल्या आणि बाहेर पडल्या. काका दंताळं घेऊन मागोमाग निघाले, जरा लंगडत, पण खुशीत.

तेव्हा मित्रांनो, जुन्या पट्ट्याचं एवढं ऐका. ज्या वस्तू तुमच्यासाठी राबतात, त्यांना काम झाल्यावर पुसा, झाडा, अधूनमधून वाकून बघा. त्या थकल्या तर लगेच फेकू नका, दुसरं काही काम त्यांना जमतं का ते बघा. फक्त आमच्यावरून नव्याचं माप काढू नका, कारण आम्ही आमच्या आयुष्यात ताणले गेलेलो असतो. गाडी शेडमध्ये परत आली आहे. काकांनी तिच्याखालचं गवत झाडलंय, नव्या पट्ट्यावरून बोट फिरवलंय. सीट त्यांनी पुढेच राहू दिली आहे.