शंकूचा उघडा पाया

मित्रांनो, करवतीने कापून माझे दोन तुकडे करण्यात आले. पण घटकाभर समजा, तसे काही झालेच नाही. मी एक जुना, धडधाकट लाकडी नमुना आहे. खाली बुटकी वृत्तचिती, तिच्यावर तेवढ्याच पायाचा उंच शंकू.

मला धाकट्या भावाने लेथवर घडवले, थोरल्यासाठी. थोरले गणिताचे शिक्षक. शंकूची उंची वृत्तचितीच्या बरोबर तिप्पट ठेवलेली, त्यामुळे दोन्ही भागांचे घनफळ अगदी सारखे. सर मला टेबलावर ठेवून विचारत, "मोठं कोण?" सगळा वर्ग शंकूच्या बाजूने हात वर करी. मग सर दोन्ही घनफळे काढून त्यांची बेरीज करून दाखवत, आणि वर्ग तोंडात बोट घाली. मी ताठ मानेने उभा असे. शंकूला दुसरे काही जमतही नाही.

पुढे घरात खालचा लेथ आणि वरची शिकवणी यांचे पटेना. आवाजावरून शब्दाला शब्द वाढला आणि भावांनी चुली वेगळ्या केल्या. कपाटे, भांडी, खुर्च्या वाटून झाल्या. शेवटी मी उरलो.

"तू केलायस, तूच ठेव," सर म्हणाले.

"उपकार नकोत, दादा. निम्मा तुझा, निम्मा माझा."

"अरे, लाकडाचा ठोकळा तो. त्याचं काय निम्मं करायचं?"

"निम्मा कुठे होतो तेवढं सांग. तुझाच विषय आहे."

सरांना उत्तर येत होते, हीच पंचाईत. त्यांनी जोडावर बोट ठेवले. धाकट्याने तिथेच करवत चालवली. थोडा भुसा खाली पडला. तो कोणाच्याच वाट्यात धरला नाही.

म्हणजे हे सांगतो आहे तो फक्त शंकू. वृत्तचितीचे म्हणणे मला ठाऊक नाही. ती धाकट्याच्या कारखान्यात असते आणि तिच्यावर चहाचा कप ठेवतात, असे ऐकतो.

सर अजून तोच धडा शिकवतात. फळ्यावर खडूने वृत्तचिती काढतात आणि मला तिच्यावर टेकवून धरतात. मुलांची बेरीज होईपर्यंत हात हलवत नाहीत. उत्तर दर वेळी बरोबर येते. परवा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, खालचा तुकडा आणून चिकटवा की."

"तो माझ्या भावाकडे असतो."

"मग मागा ना. भाऊच तर आहे."

सर पुसलेला फळा पुन्हा पुसू लागले.

तुकडे केल्याने घनफळ कमी होत नाही, असे पुस्तक सांगते. भुसा सोडला तर ते खरेही आहे. पण जोडात झाकलेली दोन वर्तुळे उघडी पडतात, मित्रांनो. माझा पाया आता दमट हवा पिऊन फुगतो. तुम्हाला कोणी काही जोडून दिले असेल, तर ते जपा.

तरी संबंधित अधिकाऱ्यांस विनंती की, यापुढे घनफळांची बेरीज मांडण्यापूर्वी दोन्ही घनाकृती, त्या ज्यांच्या ताब्यात असतील त्या भावांसह, एकाच टेबलाशी समक्ष हजर असणे सक्तीचे करण्यात यावे. कळावे.