अर्ध्या दिवसाचा पगार

मी श्रीनिवासरावांच्या टेबलावरचा कॅल्क्युलेटर बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, आकडे दाखवतोय. मला तेवढंच येतं, आणि माझी सगळी रड तीच आहे.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. पहिली आठवण आहे ती शहागंजातल्या एका स्टेशनरीच्या दुकानाची. काचेच्या कपाटात आम्ही सात-आठ भावंडं उभी होतो. श्रीनिवासराव आले, मला हातात घेतलं आणि कसलीशी लांबलचक बेरीज केली. उत्तर त्यांना आधीच ठाऊक असावं, कारण लगेच मान हलवून म्हणाले, "चलो, यही दे दो." भाव करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

ते एका कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरीला होते. दिवसभर तिथलं काम, आणि संध्याकाळी पुंडलिकनगरातल्या घरी गल्लीतल्या लोकांचं. कुणी शिक्षक, कुणी बँकेतला, कुणी कंपनीतला. सगळे एकच विचारायचे, "श्रीनिवासराव, बघा बरं, माझा पगार एवढाच कसा?" मग ते पगाराची चिठ्ठी समोर घ्यायचे. लोक वरून खाली वाचतात. हे कपातीचा रकाना आधी धरायचे. एकेका ओळीवर उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवायचे आणि डाव्या हाताने मला चालवायचे. चुकीची ओळ आली की बोट तिथंच थांबायचं. दोनदा टकटक. "नाय, हे नाय बरोबर." कुणाकडून पैसे घेतले नाहीत. चहा मात्र सगळ्यांना पाजायचे, आणि तो शैलाताईंना करावा लागायचा.

शैलाताई त्यांच्या पत्नी. चिकलठाण्याला एका बियाण्यांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होत्या. ओल्या कागदात बी ठेवायचं, किती उगवलं ते मोजायचं, हे त्यांचं काम. घरच्या पैशाचं त्यांनी कधी पाहिलं नाही. "मी बी मोजते, तुम्ही रुपये मोजा," असं म्हणायच्या. मुलगी लग्न होऊन नागपूरला. दोघांचं बरं चाललं होतं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी श्रीनिवासराव मला जवळ ओढायला गेले आणि त्यांचा हात माझ्यापर्यंत पोहोचलाच नाही. ते खुर्चीतच एका बाजूला कलले. पुढचं मी पाहिलं नाही. दारं वाजली, रिक्षा आली, घर रिकामं झालं.

ते परत आले तेव्हा काठी टेकत का होईना, चालत होते. पण शब्द गेले होते. एवढ्या बोलक्या माणसाजवळ दोनच उरले, "व्हय" आणि "नाय." तेही कधीकधी एकाच्या जागी दुसरा. आणि आकडे? शैलाताईंनी मला त्यांच्या मांडीवर ठेवलं, दोन अधिक दोन करून दाखवलं. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं ओळखीचं माणूस समोर यावं आणि नाव आठवू नये. त्यांनी मला उलटं केलं. मग हळूच बाजूला ठेवलं.

वाचा-उपचार करणाऱ्या एक मॅडम घरी यायला लागल्या. त्यांनी शैलाताईंना स्वच्छ सांगितलं, "पहिले काही महिने फार मोलाचे आहेत. रोज सराव पाहिजे. तुम्ही स्वतः बसलात तर जास्त फरक पडेल."

शैलाताईंनी कंपनीत अर्ज दिला. ऑक्टोबरपासून अर्धा दिवस काम, अर्धा पगार. त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा मला स्वतःसाठी हातात घेतलं. हातात येत होते बेचाळीस हजार साडेसातशे. त्याला दोनाने भागलं. मी उत्तर दाखवलं, एकवीस हजार तीनशे पंचाहत्तर. त्यातून किराणा, वीज, औषधं, मॅडमची फी, सगळं वजा करत गेल्या. शेवटी थोडे उरले. "भागेल बाई," असं म्हणून त्यांनी मला पुसून ठेवलं.

भागाकार बरोबर होता. पण भागायचं ते हे नव्हतं. श्रीनिवासरावांच्या हाताखाली राहून मला एवढं कळत होतं की पगार अर्धा झाला म्हणून कपात अर्धी होत नाही. सांगणार कसं? मला जे विचारलं जातं त्याचंच उत्तर देता येतं.

महिना संपला. पगार आला अठरा हजार तीनशे दहा.

शैलाताईंनी चार वेळा आकडे दाबले. मग मला पर्समध्ये टाकून कंपनीत नेलं, तिथं बाहेर काढलं. पगाराचं काम बद्रीनाथ नावाचे एक जण बघायचे. सज्जन माणूस, पण टेबलावर कागदांचा ढीग.

"बद्रीनाथभाऊ, अर्ध्यापेक्षाही कमी कसा आला?"

"मॅडम, पतसंस्थेचा हप्ता पूर्णच कापला जाणार ना. कर्ज काही अर्ध्या दिवसाचं होत नाही." त्यांनी चिठ्ठीवर पेनाने खूण केली. "प्रॉव्हिडंट फंड अर्धा झालाय बघा. बाकीचं पुण्याच्या ऑफिसातून सिस्टीममध्ये होतं."

"म्हणजे बरोबर आहे?"

"बरोबरच असतंय मॅडम."

घराच्या दुरुस्तीसाठी ते कर्ज शैलाताईंनीच घेतलं होतं. त्या ओशाळल्या, आभार मानून परत आल्या.

त्या संध्याकाळी चिठ्ठी टेबलावर पडली होती आणि मी तिच्यावर. श्रीनिवासराव काठी टेकत आले, खुर्चीत बसले. त्यांनी मला सरकवलं. चिठ्ठीकडे पाहिलं. आणि मग, मी खोटं सांगत नाही, त्यांचं ते बोट कपातीच्या रकान्यावर गेलं. ओळीओळीने खाली उतरलं. आयकराच्या ओळीवर थांबलं. टकटक.

"नाय."

शैलाताई स्वयंपाकघरातून आल्या. "काय पाहिजे? पाणी?"

"नाय. नाय." टकटक.

"अहो, कमी आलाय पगार, माहीत आहे मला. तुम्ही नका त्रास करून घेऊ. मी विचारून आले ना, बरोबर आहे ते."

त्यांचा चेहरा लाल झाला. ओठ हलले, गळ्यातून नुसता आवाज निघाला. त्यांनी मला उचललं आणि शैलाताईंसमोर धरलं. बटणांवरून अंगठा फिरला, पण कुठलं दाबायचं ते सापडेना. माझ्या पट्टीवर काहीतरी उमटलं, सात, सात, शून्य, सात. त्याचा कशाशीच संबंध नव्हता. एकदा, आयुष्यात एकदाच, मला न विचारलेलं उत्तर द्यावंसं वाटलं. मी ते सात-शून्यच दाखवत राहिलो. श्रीनिवासरावांनी मला टेबलावर आपटलं आणि ते रडायला लागले. शैलाताईंनी चिठ्ठी घडी करून कपाटात ठेवली. आता यांच्यापुढे पगाराचं काही काढायचं नाही, असं त्यांनी नागपूरला मुलीला फोनवर सांगितलं.

नोव्हेंबर कसाबसा निघाला. डिसेंबरात पैसे पुरेनात. किराणा थांबवता येत नाही, औषधं थांबवता येत नाहीत. मला घेऊन शैलाताई किती वेळ बसल्या, एक खर्च काढून बघायच्या, दुसरा काढून बघायच्या. शेवटी वाचा-उपचाराच्या मॅडमना म्हणाल्या, "थोडे दिवस थांबूया का? मी घरी घेत जाईन सराव." मॅडम म्हणाल्या, "फी नंतर द्या हो." पण उधारीवर रोज कुणाला बोलवायला शैलाताईंचं मन होईना. घरचा सराव आठवडाभर चालला. मग श्रीनिवासराव तोंड फिरवायला लागले. मॅडमसमोर ते विद्यार्थी होते. बायकोसमोर त्यांना लाज वाटायची.

जानेवारीच्या शेवटी कंपनीने सगळ्यांकडून विम्याच्या आणि बचतीच्या पावत्या मागितल्या. शैलाताई पावत्या घेऊन गेल्या, मी उघड्या पर्समध्ये होतोच. बद्रीनाथ कागद चाळता चाळता थबकले.

"मॅडम, तुमचा वर्षाचा पगार तर खूप कमी झालाय. ऑक्टोबरपासून तुमचा आयकर कापायलाच नको होता. वर्षभराचा जेवढा होईल त्याहून जास्त सप्टेंबरपर्यंतच कापला गेलाय. पुण्याने जुनाच आकडा चालू ठेवला बघा." ते खरोखर ओशाळले. "माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं."

"कुठली ओळ ही?"

त्यांनी दाखवली. शैलाताईंनी त्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं.

"मग आता?"

"आता पुढचे दोन महिने बंद करतो. मागचं सरकारकडे जमा झालं. रिटर्न भरलं की परत मिळतं. ऑगस्टपर्यंत येईल."

घरी येऊन त्या चप्पल न काढताच श्रीनिवासरावांपुढे बसल्या. त्यांचा हात हातात घेतला. "तुम्ही सांगत होतात हो. त्या दिवशी तुम्ही सांगत होतात." श्रीनिवासरावांनी नीट ऐकून घेतलं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "व्हय." त्यांना तो दिवस आठवला होता की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एप्रिलपासून शैलाताई पुन्हा पूर्ण दिवस कामाला जायला लागल्या. दुसरा इलाज नव्हता. ऑगस्टमध्ये पैसे खरंच परत आले, थोडं व्याज धरून. त्यांनी त्याच दिवशी मॅडमना फोन लावला. मॅडम आल्या, तासभर बसल्या. जाताना दारात हलक्या आवाजात म्हणाल्या, "प्रयत्न करू आपण. पण आता सावकाश चालेल." अजूनही दर शनिवारी येतात. "चहा" हा शब्द जमलाय. "शैला" अजून नाही.

माझं म्हणाल तर माझी बटणं झिजलीत, शून्याचं तर दिसतच नाही. तुमच्यापैकी कुणी काम कमी करून घरच्या माणसाजवळ बसणार असाल, तर एवढं करा. हातात येणाऱ्या रकमेचं अर्धं करून मोकळे होऊ नका. पगारवाल्याला प्रत्येक कपात वेगळी विचारा, आयकराचा हिशोब पुन्हा करायला लावा, पहिल्याच महिन्यात. आमच्यासारख्या यंत्राच्या भरवशावर राहू नका. आम्ही चुकत नाही, पण आम्ही अडवतही नाही.

दुपारी आता दगडाबाई श्रीनिवासरावांना सांभाळायला असतात. गावाकडच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, पण मायाळू. श्रीनिवासराव मला मांडीवर घेतात आणि बराच वेळ बटणं दाबत बसतात, कपाळाला आठ्या घालून, पूर्वी मार्चमध्ये बसायचे तसे. मग मला दगडाबाईंसमोर धरतात.

"व्हय?"

दगडाबाई हातातली भाजी खाली ठेवतात, वाकून माझ्याकडे बघतात. "व्हय भाऊ. लई बरोबर हाय."

श्रीनिवासरावांचा चेहरा उजळतो. मी ती रक्कम तशीच धरून ठेवतो, ते पुसेपर्यंत.