काट्याखालचं डिझेल

वहिनींच्या मोटरहोमचा, म्हणजे त्यांच्या चाकांवरच्या घराचा, डिझेलचा काटा खोटं बोलतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. टाकी काठोकाठ भरली तरी तो अर्ध्याच्या वर जायला तयार नसायचा. दादा असताना ते खपून गेलं. गाडी वहिनी चालवायच्या, दादा शेजारी बसून रस्ता सांगायचा, आणि काही अडलंच तर दोघं असायची. दादा गेल्यावर वहिनींनी मुलीकडे एकटीनेच गाडी घेऊन जायचं ठरवलं, तेव्हा माझ्या पुतणीने फोनवरून फर्मान काढलं. काटा दुरुस्त झाला तरच गाडीने ये, नाहीतर गाडी विकून टाक आणि बसने ये.

"गाडी विकायची नाही," वहिनी मला म्हणाल्या. "भाऊजी, आता तुम्हीच बघा."

मी गाड्यांचंच काम करतो, त्यामुळे नातेवाइकांच्या गाड्या माझ्याच गळ्यात पडतात. त्यातून ही दादाने हाताळलेली. दादा स्वभावाने देवमाणूस, पण हातात पक्कड आली की त्याला चेव चढायचा. घरातला एक नळ त्याने धड ठेवला नव्हता. "ह्याचे उपद्व्याप निस्तरायला मीच सापडतो," असं पुटपुटत मी कामाला लागलो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं. तो गेल्यापासून त्याच्यावर चिडायला मिळालं नव्हतं.

आधी वायर तपासल्या. जोड ठीक, डॅशबोर्डवरचं मीटरही ठीक. म्हणजे घोळ टाकीत. आणि या गाडीत टाकीत हात घालायचं झाकण कुठे, तर पलंगाखाली! गादी उचला, फळी काढा, मग पलंगाखालचा सगळा संसार उपसा. पांघरुणं, रबरी नळी, घडीच्या खुर्च्या, छत्र्या, दादाच्या स्लीपर. वहिनी एकेक वस्तू बाहेर नेऊन ठेवत होत्या. स्लीपर मात्र त्यांनी बाहेर नेल्या नाहीत, दाराशी नीट जोडून ठेवल्या.

स्क्रू काढून मी टाकीतला फ्लोट बाहेर घेतला. प्रकरण साधं असतं. एक तार आणि तिच्या टोकाला तरंगणारा छोटा डबा. डिझेल चढलं की डबा चढतो, उतरलं की उतरतो, आणि तसा काटा हलतो. ही तार चांगली वर वळवलेली होती. टाकीत डिझेल असतानाच काट्याला वाटावं, संपलं.

हे आपोआप होत नाही. तारेवर पकडीच्या दातांचे व्रण होते, तेही एकाच जागी नव्हेत. काही जुने, काळे पडलेले, तर काही अलीकडचे.

"वहिनी, दादाने ही मुद्दाम वाकवलीय. आणि एकदा नाही."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाल्या आणि पलंगाच्या कडेवर टेकल्या.

मी तार हातात घेऊन त्यांच्यासमोर बसलो.

"मला वाटेत थांबायचा कंटाळा. काटा तळाला टेकेपर्यंत मी पंपाकडे ढुंकून बघत नाही. एकदा भर चढावर गाडी बंद पडली. हे चकार शब्द बोलले नाहीत. पण पुढच्या वेळी काटा तळाला गेला म्हणून पंपावर गेले, तर टाकी लगेच भरली. म्हटलं, ह्यांनी काहीतरी करून ठेवलंय."

"मग?"

"मग मी काटा टेकल्यावरही गाडी दामटायला लागले."

"आणि दादाने आणखी वाकवली."

"मग मी आणखी पुढे जायला लागले." वहिनींना हसू आवरेना.

मी कपाळाला हात लावला. "अहो, मग एकमेकांना सांगायचं ना सरळ!"

"सांगून भांडण ओढवून घ्यायचं? चाललं होतं की छान."

मी पक्कड उचलली, पण हात पुढे होईना. दादाचं एवढं एकच काम मला मोडवत नव्हतं. "थोडा बाक राहू देऊ का?" मी विचारलं. "काटा टेकल्यावरही जरासं उरेल."

"नको भाऊजी. अगदी सरळ करा. मला खरं तेच दिसायला हवं."

मग मी तार सरळ केली, टाकी रिकामी करून कॅनने परत भरत गेलो आणि दर खेपेला काटा ताडून पाहिला. कॅन संपले तेव्हा टाकी अर्धी भरली होती आणि काटाही बरोबर अर्ध्यावर होता. पुतणीला फोन करून मी सांगून टाकलं, काटा चोख झालाय, आई उद्या सकाळी निघतेय.

संध्याकाळी वहिनी गाडी चालवून बघायला निघाल्या. मी शेजारी बसलो. कोपऱ्यावरचा पंप आला तसा त्यांनी इंडिकेटर दिला आणि गाडी आत घेतली. मला वाटलं, हवा बघायची असेल.

"टाकी फुल करा," त्या पंपवाल्याला म्हणाल्या.

"वहिनी, अर्धी आहे की अजून! आणि आता काटा खरा आहे, माझ्यावर भरवसा ठेवा."

"खरा आहे म्हणूनच." स्टिअरिंगवरचे हात त्यांनी काढले नव्हते. "आधी काटा संपलं म्हणाला, तरी खाली ह्यांनी ठेवलेलं असायचं. आता संपलं म्हणजे संपलं, भाऊजी."

पंपवाल्याने नळी लावली. मी खाली उतरलो आणि उगाचच टायर बघत गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो.