घट्ट कूड

"बोटांना फोड आले तरी चालंल, पन कुडीतनं बोट जाता नये!" खजुरीच्या झावळ्यांची कूड विणता विणता बदरुद्दीन खेकसला. "ही काय कूड हाय? तुज्या दातांवानी सगळ्या फटीच फटी!"

"बदरूचाचा, हितं पाऊस पडत नाय," म्हसळ्याचा यासीन वैतागला. "कोनासाठी येवडं घट्ट?"

"काम म्हंजे काम!"

सौदीतल्या बुरैद्याच्या बाहेर खजुरीच्या बागा संपतात तिथं नफूद सुरू होतो. तांबड्या वाळूचे डोंगर नुसते. डोंगर कसले, चालती बलाच ती! वारा सुटला की पुढं सरकते. यंदा ती शेवटच्या वाफ्याला येऊन टेकली. त्या वाफ्यात जुन्या झाडांच्या बुडातून काढून लावलेली खजुरीची साठ पिलं होती, आणि दापोलीच्या बदरुद्दीननं ती पोटच्या पोरांसारखी वाढवली होती. मळ्याचा मालक, कफील अबू फहद, तिथलं पाणीच तोडायला निघाला होता. तेव्हा यानंच मोडक्या अरबीत छाती ठोकली, "आमी कोकनातली मानसं. दर्याचा वारा झापांच्या कुडीनं अडवतो!"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

दोघांनी आपापला भाग विणून कूड उभी केली, आणि तीन दिवस वारा पिसाळला. भाताच्या घासातही वाळू करकरली. चौथ्या दिवशी सकाळी दोघं धावत वाफ्यावर गेले. बदरुद्दीनच्या घट्ट कुडीला वाळू अडली होती, तिथंच साचून कुडीच्या डोक्यावर चढली होती आणि पलीकडं धाडकन कोसळली होती. चाळीस पिलं गाडली गेली. यासीनच्या फटींतून मात्र वाळू थोडी थोडी झिरपून पसरली होती. त्याची वीस पिलं गुडघाभर वाळूत उभी होती.

बदरुद्दीन हातानं उकरत सुटला. सापडलं त्याचा कोंब मोडलेला. म्हातारा ढसाढसा रडला.

"खलास, बदर," अबू फहद येऊन म्हणाला. "उद्या पाणी बंद."

"आठ दिस द्या, बाबा. ही वीस तरी जगवतो."

अबू फहदनं वाकून त्या विसांतल्या एकाचा कोंब चाचपला. "आठच."

बदरुद्दीननं डोळे पुसले आणि स्वतःची कूड उसवायला घेतली. "यासीन, शिकव मना. तुज्यासारखं वंगाळ कसं विनायचं?"

यासीन हसला नाही. "कामात मन नाय घालायचं, चाचा. बस."

म्हाताऱ्यानं नव्यानं सुरुवात केली. पण मेले हात ऐकतात होय? झावळी झावळीला भिडली की बोटं आपोआप आवळायची. तो पुढं विणत गेला, यासीन मागून फटी पाडत गेला, आणि दुपारी वारा पुन्हा सुटला.