मागेल तेवढं देणारा कर्नेल

दारांना कुलपाऐवजी बसवतात त्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांची ऑपरेटिंग सिस्टीम हे ऑफिस बनवायचं. सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, एका बाईंच्या ताब्यात होता. कर्नेल म्हणजे नेमकं काय, हे न विचारता ऑफिसातले बरेच लोक सन्मानाने निवृत्त व्हायच्या वाटेवर होते, आणि बाईंची त्याला हरकत नव्हती.

त्या सोमवारी बाईंना कर्नेलमध्ये भोक सापडलं. पेटीवरचा कुठलाही प्रोग्राम कर्नेलला दाराचं नाव विचारू शकत असे. किती अक्षरं हवीत तेही त्यानेच सांगायचं. नावाला जागा चौसष्ट अक्षरांची. पण कोणी चार हजार मागितली, तर कर्नेल बिनतक्रार चार हजार देई: चौसष्ट नावाची आणि बाकीची शेजारच्या खणात हाताला लागतील ती. त्या खणात, बॅटरीचा आकडा वगैरे किरकोळ सामानाबरोबर, दार उघडणाऱ्यांचे कोड होते.

"मागणारा किती मागतोय, हे तपासायचंच राहिलंय," बाई शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हणाल्या.

"हो ताई," तो म्हणाला. तो सगळ्यांनाच हो म्हणायचा. ऑफिसने त्याचं नाव होयबा ठेवलं, तेव्हा त्यालाही तो हो म्हणाला होता.

दुरुस्ती दोन ओळींची होती: चौसष्टच्या वर मागितलं तर नकार द्या. पण कर्नेलमधल्या कुठल्याही बदलाला दोन नावं लागत, करणाऱ्याचं आणि मंजूर करणाऱ्याचं. मंजुरीचा अधिकार दोघांनाच होता, बाईंना आणि साहेबांना, आणि स्वतःचा बदल स्वतः मंजूर करता येत नसे. म्हणून बाई साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. तिथे विक्रीप्रमुख आधीच बसलेले होते, हे लक्षण काही बरं नव्हतं.

"मॅडम, हे बंद नाही करता येणार," ते म्हणाले. "आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक त्यातूनच बॅटरी किती उरली ते वाचतं."

"बॅटरीसाठी वेगळी सोय आहे."

"ती हळू आहे म्हणे. ही सुविधा त्यांना फार आवडते."

"सुविधा नाही, भोक आहे ते."

"माहितीपत्रकात तसं छापता येत नाही ना! आम्ही 'जलद बॅटरी वाचन' म्हटलंय."

साहेबांनी हात वर केला. "पण मॅडम, मुद्दाम येऊन चार हजार मागणार कोण?"

"तुमच्या घराला आपलीच पेटी आहे ना, साहेब?"

साहेबांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "नाही."

"का?"

"बायको नको म्हणाली."

बाईंनी साहेबांच्या बायकोला मनोमन कर्नेलच्या कामावर घेऊन टाकलं.

मग साहेबांनी तोडगा काढला. तपासणी ठेवायची, पण प्रोग्रामचं नाव मोठ्या गिऱ्हाइकाच्या प्रोग्रामचं असेल तर तपासायचं नाही.

"प्रोग्रामला काय, कोणीही काहीही नाव देतो. चोराने 'मी जावई' म्हणायचं आणि आपण पायघड्या घालायच्या?"

"चोराला नाव कळणार कसं?"

"माहितीपत्रकात आहे," बाई म्हणाल्या. विक्रीप्रमुखांना खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

साहेबांनी तो बदल स्वतः लिहिला. बऱ्याच वर्षांत सवय नव्हती, त्यामुळे आधी कॉम्प्युटरनेच तो दोनदा परत केला. अखेर तो बाईंकडे मंजुरीला आला. बाईंनी लिहिलं, "नामंजूर. नाव विचारणं म्हणजे तपासणं नव्हे."

साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. "उद्या रिलीज आहे, मंजूर झालेलं सगळं आपोआप पेट्यांवर जाईल. एका क्लिकचं काम आहे, मॅडम."

"त्या क्लिकशेजारी माझं नाव लागतं."

"मग अधिकार काढून घ्यावा लागेल."

"काढा. त्या दारांच्या आत माणसं झोपलेली असतात, साहेब. माझ्या नावाने हे जाणार नाही."

"ठीक आहे. उद्यापासून तुम्ही मदतपुस्तिका लिहा."

"लिहीन की. पहिलंच वाक्य, ही पेटी बसवू नका."

संध्याकाळी मुलीने विचारलं, "आई, साहेबांना नाही म्हणालीस? मला म्हणतेस तसं?"

"तुला कारणं देत नाही. त्यांना दिली."

"ऐकलं त्यांनी?"

"नाही."

"मग मलाही देऊ नकोस," मुलगी म्हणाली.

सकाळी साहेबांनी बाईंचा अधिकार काढून होयबाला दिला. निवड योग्यच होती. "माझा बदल मंजूर करून टाक," ते म्हणाले. "हो साहेब," होयबा म्हणाला, आणि साहेब निश्चिंत मनाने मीटिंगला गेले.

होयबाच्या पडद्यावर आयुष्यात पहिल्यांदा मंजुरीची रांग उघडली. रांगेत एक बदल साहेबांचा होता. दुसरा, मंजुरीचं नाव मिळेना म्हणून अडकून पडलेला, बाईंचा होता. होयबाने दोन्ही वाचले. वाचायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"ताई, तुमचा गेला तर गिऱ्हाइकाचं सगळं बंद पडेल?"

"दारं चालतील. बॅटरी तेवढी दिसणार नाही. दुसऱ्या सोयीने वाचायला त्यांना अर्धा दिवस काम पडेल."

"आणि माझं काय होईल?"

"ते मला सांगता येत नाही रे."

होयबा बराच वेळ कीबोर्ड पुसत बसला. मग साहेबांच्या बदलाखाली त्याने लिहिलं, "नामंजूर. कारण ताईंनी दिलंय तेच." आणि बाईंचा मंजूर केला.

मीटिंग संपेपर्यंत नवा कर्नेल गिऱ्हाइकाच्या पेट्यांवर पोचलासुद्धा.

"काय केलंस हे?" साहेब ओरडले. "मी काय सांगितलं होतं?"

"मंजूर कर म्हणालात, साहेब."

"माझा!"

"तुमचा वाचला, साहेब. म्हणून तर नाही केला." होयबाने खुर्ची मागे सरकवली नाही.

"आत्ताच्या आत्ता परत घे!"

"परत घ्यायलाही दोन नावं लागतात," बाई म्हणाल्या. "एक तुमचं झालं."

साहेबांनी होयबाकडे पाहिलं. होयबाने मान हलवली, आडवी.

तेवढ्यात विक्रीप्रमुख हातात फोन धरून धावत आले. गिऱ्हाईक लाइनवर होतं आणि त्याचा आवाज फोन कानाला न लावताही सगळ्यांना ऐकू येत होता. "मी काय सांगू त्यांना?" त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी बाईंकडे पाहिलं.

बाईंनी हात पुढे करून फोन घेतला.

"हो, आम्हीच बंद केलं. मुद्दाम. नाही, परत चालू होणार नाही. ओरडून झालं की प्रोग्राम लिहिणाऱ्याला फोन द्या, बॅटरी कुठे विचारायची ते सांगते."