सांगून गेलेली माय

सौंसरच्या त्या लहानशा शाळेत नर्स असायचं तसं काही कारण नव्हतं. संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवाला एकदा भर वर्गात फिट आली, आणि त्यानंतर त्यांनी सुधाबाईंना नेमलं. जिन्याखालच्या खोलीत एक लोखंडी खाट, मलमपट्टीचं सामान आणि त्या. खरचटलेले गुडघे पुसायचे, तापलेल्या पोराला घरी धाडायचं, एवढंच काम. सुधाबाईंना तेवढंच हवं होतं. त्यांचे यजमान नागपूरच्या दवाखान्यात वारले. शेवटपर्यंत घरचे "सुधारणा आहे" म्हणत राहिले आणि स्वतः नर्स असूनही त्यांनी ते खरं मानलं. तेव्हापासून त्यांच्या आत काही हलत नव्हतं. रडू येत नसे, हसूही येत नसे.

पोळा झाल्यावर दुसरीतली मीना रोज खोलीत यायला लागली. प्रार्थनेची घंटा झाली की पोट धरून दारात उभी. ताप नाही, जुलाब नाही, पण हात गार आणि ओठ पांढरे.

"नाटकं आहेत, बाई," तिचे वर्गशिक्षक पुंडलिकराव म्हणाले. "घरी पाठवलं की लागते खेळायला."

सुधाबाईंनी तिला घरी पाठवलं नाही, रागावल्याही नाहीत. खाटेवर तिच्या शेजारी बसल्या. "पोटावर हात ठेव. श्वास घे, पोट फुगू दे. आता हळूहळू सोड, गरम दुधावर फुंकर मारतो ना, तशी."

मीना फुंकर मारायला शिकली. मग एका सकाळी तिनं विचारलं, "माय घरी असंन का?"

"असेल की."

"तुमाले काय मालूम?"

"नाही मालूम," सुधाबाई म्हणाल्या.

त्यावर पोरगी बोलती झाली. उन्हाळ्यात माय 'सांजच्याले येतो' म्हणून नागपूरच्या बसमध्ये बसली. तिचं ऑपरेशन होतं, हे मीनाला कोणी सांगितलंच नाही. घरचे रोज म्हणत, आज येते. संत्र्याच्या बागेतून मीना रोज सडकेवर जाऊन उभी राहायची. माय आली तेव्हा पाऊस लागला होता.

दुपारी मुलीला न्यायला तिची माय वच्छला आली, तेव्हा सुधाबाई तिला म्हणाल्या, "कुठंही जा, पण पोरीला सांगून जा. जे नक्की नाही, ते नक्की म्हणू नका."

सुधाबाई मीनाला वर्गात धाडू लागल्या, पण तुकड्यातुकड्यानं. एक धडा झाला की तिनं खोलीत येऊन तोंड दाखवायचं आणि परत जायचं.

थंडीत वच्छलाला पुन्हा तपासणीला जायचं होतं. तिचा नवरा कवडू शाळेत येऊन म्हणाला, "पोरीले सांगू नका जी. झोपेत असतानीच निंघून जाऊ."

"मग ती झोपायलाही भिईल," सुधाबाई म्हणाल्या.

शेवटी वच्छलानं त्याच खाटेवर बसून सांगितलं, "मी आज नागपूरले जाऊन राहिलो. डाक्टरनं थांब म्हटलं, तं थांबा लागन. तसं झालं तं तुहा बाप येऊन तुले सांगन." मीनानं तिचं लुगडं घट्ट धरलं, मोठ्यानं रडली. वच्छला पदरानं डोळे पुसत गेली. सुधाबाईंनी पोरीला धरून ठेवलं. त्यांना काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या सकाळी मीना दारात उभी होती. "बाप सांगून गेला. डाक्टरनं ठेवून घेतलं."

"पोट दुखून राहिलं?"

"हाव."

"वर्गात जातेस?"

तिनं लांब फुंकर सोडली. "पाढे झाले का येतो," म्हणाली आणि गेली. पाढे झाल्यावर आली, तोंड दाखवलं, आणि कोणी न सांगता परत गेली.

काही दिवसांनी वच्छला आली तेव्हा शाळा सुटत होती. मीना धावली नाही. चालत गेली, मायच्या हाताला हात लावला आणि वर्गात काय झालं ते सांगायला लागली.

"जमवलं तुम्ही, बाई," पुंडलिकराव म्हणाले. सुधाबाईंनी मान हलवली. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे त्यांना कळत होतं.

उन्हं तापायला लागेस्तोवर मीनाचं येणं कमी झालं. एकदा बरेच दिवस ती फिरकली नाही, म्हणून सुधाबाई वर्गाच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मीना शेजारणीच्या पाटीत डोकावत होती. तिनं वर पाहिलं नाही. सुधाबाई थोडा वेळ तिथंच थांबल्या, मग खोलीत येऊन पट्ट्या गुंडाळत बसल्या.